व्यायामाच्या जागांची यादी वापरण्याआधी ती जागेवर जाऊन कशी तपासायची

घराजवळ व्यायामाची सोय असेल तर माणसं जास्त हालचाल करतात का, हा आरोग्य-संशोधनातला नेहमीचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे प्रौढांनी आठवड्याला मध्यम स्वरूपाची १५० ते ३०० मिनिटं शारीरिक हालचाल करायला हवी. ती कोणाकडून होते आणि कोणाकडून होत नाही, हे प्रश्नावलीतून किंवा कमरेला, मनगटाला बांधलेल्या यंत्रातून कळतं. त्या यंत्राची अचूकता संशोधक बारकाईने तपासतात. ‘सोय’ मात्र कुठून तरी उतरवून घेतलेल्या यादीतून येते आणि बरेचदा आली तशीच वापरली जाते.

अशा याद्या तपासणं हे माझं काम आहे. यादी हातात घ्यायची, परिसरात पायी फिरायचं, यादीतलं काय खरोखर आहे आणि परिसरातलं काय यादीत नाही, ते नोंदवायचं. या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते: ‘यादी किती टक्के बरोबर?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ती कुठे चुकते, कोणाच्या परिसरात जास्त चुकते, ते शोधायचं आहे. खालची सगळी पद्धत त्यासाठीच आहे.

आधी ठरवा, मग उतरवून घ्या

‘व्यायामाची सोय’ म्हणजे काय, हे कागदावर लिहून काढल्याशिवाय एकही नोंद उतरवू नका. पैसे भरून जायची जिम मोजायची की बागेतली खुली जिमसुद्धा? शाळेचं मैदान संध्याकाळी सगळ्यांना खुलं असेल तर? गृहसंकुलाच्या आतला, फक्त रहिवाशांसाठीचा पोहण्याचा तलाव? फिजिओथेरपीचं केंद्र? योगवर्ग? चूक उत्तर असं यात नाही, पण उत्तर तुमच्या संशोधनाच्या प्रश्नातून यायला हवं, हाती लागलेल्या यादीतून नव्हे.

कारण प्रत्येक यादी कोणीतरी आपल्या कामासाठी बनवलेली असते. व्यवसायांच्या याद्यांमध्ये उद्योग-वर्गीकरणाचे संकेतांक असतात. उत्तर अमेरिकेतल्या वर्गीकरणात ७१३९४० हा संकेतांक जिमला लागतो, पण पोहण्याचे तलाव, टेनिस क्लब आणि स्केटिंगची मैदानंही त्यातच मोडतात. फक्त संकेतांकावर भरवसा ठेवला, तर हे सगळं एका पोत्यात येतं. उलट बागेतली मोफत साधनं या याद्यांमध्ये सापडत नाहीत, कारण तो कोणाचा व्यवसायच नाही. ज्यांना जिमची फी परवडत नाही त्यांच्यासाठी नेमकी तीच सोय महत्त्वाची असते.

२००४ साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा स्वयंसेवकांनी भरलेला आहे. त्यात जिमसाठी ‘लीझर=फिटनेस_सेंटर’, उघड्यावरच्या साधनांसाठी ‘लीझर=फिटनेस_स्टेशन’, क्रीडासंकुलासाठी ‘लीझर=स्पोर्ट्स_सेंटर’ आणि खेळाच्या मैदानासाठी ‘लीझर=पिच’ अशा खुणा वापरतात. जुन्या नोंदींमध्ये ‘अमेनिटी=जिम’सुद्धा सापडते, म्हणून एकाच खुणेवर शोध घेऊन थांबू नका. ‘अ‍ॅक्सेस’ ही खूणही मुद्दाम उतरवा, जागा खाजगी आहे की सर्वांसाठी हे तिच्यावरून कळतं. ती भरलेलीच नसेल तर जागा सर्वांसाठी खुली आहे असं धरू नका. तो रकाना ‘माहीत नाही’ म्हणूनच राहू द्या. या नकाशाची मोठी सोय म्हणजे प्रत्येक नोंदीचा इतिहास जपलेला असतो, त्यामुळे मागच्या एखाद्या तारखेला नकाशात काय होतं तेही काढता येतं.

ऑनलाइन शोधसेवांमधून यादी काढणार असाल तर एका शोधाला जास्तीत जास्त किती निकाल मिळतात ते आधी बघा. गूगलच्या जुन्या प्लेसेस सेवेत ही मर्यादा ६० होती. परिसरात जागा जास्त असतील तर उरलेल्या तिथेच कापल्या जातात, म्हणजे दाट वस्तीत सोयी कमी दिसतात. उपाय सोपा आहे: शोधाचं क्षेत्र छोट्या चौकोनांत विभागा, आणि एखाद्या चौकोनात निकाल मर्यादेला टेकले तर त्याचे आणखी तुकडे करा. सेवेच्या अटीही वाचा. मिळालेली माहिती साठवून ठेवायला बऱ्याच सेवा पूर्ण परवानगी देत नाहीत.

बाहेर पडण्याआधी टेबलावरची तपासणी

हे काम क्यूजीआयएससारख्या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं आणि त्याने पुढची बरीच पायपीट वाचते.

पहिल्यांदा एकाच अक्षांश-रेखांशावर बसलेल्या नोंदी शोधा. वेगवेगळ्या नावांच्या पाच-सात जागा अगदी एकाच बिंदूवर असतील, तर बहुधा पत्ता नीट सापडला नाही म्हणून संगणकाने त्यांना परिसराच्या किंवा रस्त्याच्या मध्यबिंदूवर टाकलेलं असतं. नकाशावर तिथे एकच ठिपका दिसतो, त्यामुळे नुसतं बघून हे लक्षात येत नाही. यादी अक्षांश-रेखांशांच्या क्रमाने लावूनच तपासावं लागतं. मग दशांशस्थळं बघा. चार दशांशस्थळं म्हणजे साधारण ११ मीटर, तीन म्हणजे १११ मीटर. दोनच दशांशस्थळं असलेली नोंद किलोमीटरभर इकडे-तिकडे असू शकते. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल आणि शून्य-शून्यवर पडलेले बिंदू लगेच सापडतात, ते काढून टाका.

त्यानंतर दुहेरी नोंदी. इथे घाई करू नका. एका इमारतीसमोर मी हातात यादी घेऊन उभी होते, यादीत तिथे तीन जिम होत्या. वर गेल्यावर जिम एकच निघाली. पहिली नोंद तिच्या जुन्या नावाची, दुसरी मालक बदलल्यानंतरच्या नावाची, आणि तिसरी तिथे शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या नावाची, त्याने स्वतः टाकलेली. तिन्ही नोंदींचे फोन वेगळे, नावांत एकही शब्द समान नाही. संगणकाला नावं जुळवायला सांगितली असती तर तो त्यांना तीन वेगळ्या जागाच समजला असता. म्हणून एकमेकींपासून ५० मीटरांच्या आतल्या, एकाच प्रकारच्या सगळ्या नोंदींवर खूण करून ठेवा आणि निर्णय जागेवर गेल्यावर घ्या.

कुठे जायचं ते कसं निवडायचं

सगळा परिसर पायाखाली घालणं शक्य नसतं, त्यामुळे नमुना निवडावा लागतो. ओळखीचे, जायला सोपे भाग निवडू नका. अभ्यासक्षेत्राचे चौकोन किंवा जनगणनेचे विभाग पाडा, त्यांची उत्पन्न आणि लोकवस्तीची घनता यांनुसार गटवारी करा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विभाग काढा. ज्या विभागांत यादीप्रमाणे एकही जागा नाही, असे विभागही नमुन्यात हवेतच. ही गोष्ट सर्रास गाळली जाते. रिकाम्या विभागात माणूस पाठवणं वायफळ वाटतं, पण यादीतून सुटलेल्या जागा तिथेच सापडतात.

मुळात दोन वेगळी कामं आहेत, ती एकमेकांत मिसळू देऊ नका. यादीतली जागा खरोखर आहे का, हे बघणं पहिलं काम. परिसरात असलेली जागा यादीत आहे का, हे बघणं दुसरं. पहिल्यासाठी यादी घेऊन बिंदूपर्यंत जाता येतं. दुसऱ्यासाठी निवडलेल्या विभागातला प्रत्येक रस्ता, गल्ली, दोन्ही बाजू पायी बघाव्या लागतात, आणि तेही यादी न बघता. हातात यादी असली की नजर तेवढंच शोधते. मी ही पायपीट करणाऱ्या व्यक्तीला यादी देतच नाही.

जागेवर

वाहनावरून बघू नका. जिम बरेचदा तळघरात नाहीतर वरच्या मजल्यावर असतात आणि पाटी जिन्याच्या तोंडाशी असते. मान वर करून खिडक्या बघा, जिन्यातल्या पाट्या वाचा, आणि विचारा. पहारेकरी, दुकानदार, बागेत रोज फिरायला येणारी ज्येष्ठ मंडळी यांना जे माहीत असतं ते कुठल्याच नकाशात नसतं: ‘जिम आहे, पण सहा महिन्यांपासून बंद’, ‘मैदान आहे, पण रविवारीच उघडतात’.

नोंदीसाठी क्यूफील्ड किंवा कोबो टूलबॉक्ससारखं साधन फोनवर घ्या, इंटरनेट नसलं तरी ती चालतात. बिंदू नेहमी प्रवेशद्वाराशी उभं राहून घ्या. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण पाच मीटरांच्या आसपास असते, उंच इमारतींच्या मध्ये ती बरीच वाढते. म्हणून फोन दाखवतो तो अचूकतेचा आकडाही नोंदीत ठेवा. मोठ्या बागेचं एकच मध्यबिंदू घेऊन भागत नाही, प्रत्येक फाटकाचा बिंदू वेगळा घ्या. मध्यबिंदूपासून अंतर मोजलं तर बागेच्या भिंतीला लागून राहणारा माणूससुद्धा नकाशावर बागेपासून अर्धा किलोमीटर दूर पडू शकतो. भिंतीला लागून राहतो पण फाटक पलीकडच्या बाजूला आहे, असंही असतं. तिथे खरं अंतर फाटकापर्यंतचंच.

‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच रकान्यांवर काम चालवू नका. चालू आहे, कायमची बंद, तात्पुरती बंद, कुलूप दिसलं पण नक्की कळलं नाही, दुसराच व्यवसाय निघाला, इतके पर्याय तरी हवेत. कोणाला प्रवेश आहे, फी आहे का, स्त्रियांसाठी वेगळी वेळ आहे का, साधनं वापरण्याजोगी आहेत का, हेही लिहा. एका बागेतली खुली जिम नकाशावर ठळक होती आणि बिंदूही अचूक होता. प्रत्यक्षात पायडल मारायच्या यंत्राचा एक पाय निखळलेला, हात ओढायच्या यंत्राची बैठक गायब, आणि सगळ्या संचाभोवती पावसाचं पाणी साचलेलं. यादीच्या हिशेबात ती नोंद बरोबर. तिथे राहणाऱ्या माणसाच्या हिशेबात सोय नाही. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या तर पुढे दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात.

कुलूप दिसलं की त्या जागेवर वेगळ्या वेळी, वेगळ्या वारी पुन्हा जा. पहाटे आणि संध्याकाळी चालणाऱ्या जिम दुपारी बंद असतात.

जागेवर जाणं अशक्य असेल तर रस्त्यांच्या छायाचित्रांचा आधार घेता येतो. गूगल स्ट्रीट व्ह्यू २००७पासून आहे आणि २०१४पासून त्यात जुनी छायाचित्रंही बघता येतात, त्यामुळे मागच्या वर्षांची यादी तपासायला त्याचा चांगला उपयोग होतो. मात्र तळघरं, वरचे मजले आणि गाडी न जाणाऱ्या गल्ल्या त्यात येत नाहीत. प्रत्येक छायाचित्राची तारीख लिहून ठेवा.

जुळवणी आणि हिशेब

यादीतली नोंद आणि जागेवरची नोंद ‘जुळली’ कधी म्हणायचं, याचे नियम आकडे बघण्याआधी ठरवा: किती अंतरापर्यंत, नाव किती सारखं, प्रकार तोच हवा का. मी साधारण १०० मीटर घेते आणि नाव बदललेलं असलं तरी जागा व प्रकार तोच असेल तर जुळलं असं धरते. शेवटी ५० आणि २५० मीटर घेऊन हिशेब पुन्हा करते आणि उत्तर किती हलतं ते बघते. दोघांनी स्वतंत्रपणे जुळवणी करावी आणि जिथे मतभेद होईल तिथे तिसऱ्याला विचारावं.

दोन गुणोत्तरं काढायची. परिसरात प्रत्यक्ष असलेल्या जागांपैकी यादीत किती सापडल्या, ही संवेदनशीलता. यादीतल्या नोंदींपैकी किती प्रत्यक्षात निघाल्या, हे धन-भाकीत मूल्य. विशिष्टता, म्हणजे जिथे सोय नाही तिथे यादीही ‘नाही’ म्हणते याचं प्रमाण, मात्र जागांच्या पातळीवर काढता येत नाही, कारण ‘जिथे जिम नाही’ अशा जागांची मोजदाद करायची कशी? कॅपा (योगायोगाने होणारी जुळणी वगळून दोन नोंदी किती जुळतात याचं माप) काढायची असली तरी तीच अडचण. विभागाच्या पातळीवर, म्हणजे या चौकोनात किमान एक सोय आहे की नाही असा प्रश्न ठेवला, तर दोन्ही काढता येतात.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. यादीत १०० नोंदी. त्यांतल्या ८० खऱ्या निघाल्या. पायपिटीत आणखी ४० जागा सापडल्या ज्या यादीत नव्हत्या. म्हणजे प्रत्यक्षात १२० जागा, संवेदनशीलता ६७ टक्के, धन-भाकीत मूल्य ८० टक्के. अहवालात एवढंच लिहिलं तर ‘यादी बरी आहे’ असं वाटतं. आता याच आकड्यांची उत्पन्नाप्रमाणे फोड करा. सधन भागात प्रत्यक्ष ६० जागा, यादीत ५८ नोंदी, त्यांतल्या ५२ खऱ्या. गरीब भागातही प्रत्यक्ष ६० जागाच, पण यादीत ४२ नोंदी आणि त्यांतल्या २८ खऱ्या. संवेदनशीलता एकीकडे ८७ टक्के, दुसरीकडे ४७. दोन्हीकडे जागा सारख्याच असताना यादी सांगते, गरीब भागात सोयी कमी आहेत. त्यावरून कोणी निष्कर्ष काढला की ‘सोयी नाहीत म्हणून तिथली माणसं हालचाल करत नाहीत’, तर तो निष्कर्ष पूर्णपणे यादीच्या चुकीतून आलेला असेल. फी, सुरक्षितता, कामाचे तास, तुटलेली साधनं ही खरी कारणं त्यात झाकली जातील आणि पैसा भलतीकडे खर्च होईल.

चूक सगळीकडे सारख्या प्रमाणात असेल तर सहसा संबंध प्रत्यक्षापेक्षा फिका दिसतो. चूक परिसराप्रमाणे बदलत असेल तर संबंध कुठल्याही दिशेला सरकू शकतो, नसलेला संबंधही दिसू शकतो. म्हणून ही फोड करणं मी कधीच टाळू देत नाही.

प्रत्यक्ष पाहणीही शंभर टक्के पूर्ण नसते. ती किती पूर्ण आहे हे तपासायला मासे आणि पाणपक्षी मोजण्यासाठी पीटरसन आणि लिंकन यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत कामी येते. काही विभागांत दोन जणांना एकमेकांशी न बोलता स्वतंत्र फिरू द्या. समजा एकाला ५० जागा सापडल्या, दुसऱ्याला ४५, आणि ४२ दोघांनाही सापडल्या. ५० गुणिले ४५ भागिले ४२, म्हणजे अंदाजे ५४ जागा असाव्यात. दोघांना मिळून ५३ सापडल्या, म्हणजे पाहणी चांगली झाली. तळघरातली बिनपाटीची जिम मात्र दोघांच्याही नजरेतून सुटते, त्यामुळे हा अंदाज खालच्या बाजूला झुकलेला असतो हे ध्यानात ठेवा.

अंतर आणि तारखा

घरापासून सरळ रेषेत ८०० मीटरांचं वर्तुळ काढलं की क्षेत्र सुमारे दोन चौरस किलोमीटर येतं. रस्त्याने चालत तितक्याच अंतरात पोचता येणारं क्षेत्र त्याहून बरंच लहान असतं. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा मोठा महामार्ग असेल तर फारच लहान. शक्य असेल तर रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढा. जागेच्या स्थानात १०० मीटरांची चूक असेल तर ४०० मीटरांच्या हिशेबात ती फार बोचते, १६०० मीटरांत तेवढी नाही. म्हणून एकच अंतर घेऊन थांबू नका. अभ्यासक्षेत्राच्या सीमेबाहेरच्या जागाही तुमच्या सगळ्यात मोठ्या अंतराइतक्या पट्ट्यात उतरवून घ्या, नाहीतर कडेला राहणाऱ्यांच्या सोयी उगाच कमी मोजल्या जातात.

तीन तारखा जवळ हव्यात: यादीची, पाहणीची, आणि लोकांची हालचाल मोजली त्या वेळची. २०२०मध्ये साथीमुळे अनेक देशांत जिम सक्तीने बंद होत्या आणि काही पुन्हा उघडल्याच नाहीत. त्या काळातली यादी किंवा मोजणी वापरत असाल तर तारखांचा हा मेळ आधी घाला.

सापडलेल्या चुकांचं काय करायचं

चुका मोजून अहवालाच्या पुरवणीत टाकल्या आणि विश्लेषण जुन्याच यादीवर केलं, असं होऊ देऊ नका. ज्या विभागांत तुम्ही फिरला नाहीत, त्यांच्यासाठी मोजलेल्या चुकांचं प्रमाण वापरा. संगणकाला सांगा: गटाप्रमाणे जितक्या टक्के नोंदी खोट्या निघाल्या तितक्या यादृच्छिकपणे काढ, जितक्या सुटलेल्या सापडल्या तितक्या घाल, आणि विश्लेषण पुन्हा कर. हे हजार वेळा करा. निष्कर्ष बहुतेक वेळा टिकला तर तसं लिहा. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला गेला तर तेही स्पष्ट लिहा. मूळ यादी आणि दुरुस्त यादी या दोन्हींवरचे निकाल शेजारी शेजारी द्या.

सहभागी लोकांच्या घरांचे पत्ते कोणत्याही ऑनलाइन सेवेत टाकण्याआधी नीतिमत्ता समितीची परवानगी घ्या. ओळख लपवण्यासाठी घरांचे बिंदू मुद्दाम हलवलेले असतील तर अंतरं मूळ बिंदूंवरूनच, सुरक्षित संगणकावर काढा. हलवलेल्या बिंदूंवरून अंतर काढलं तर यादीच्या चुकीत तुमचीही भर पडते.

काम संपलं की वापरलेली यादी तारखेसह गोठवून ठेवा, म्हणजे दुसऱ्या कोणाला तुमचा हिशेब पुन्हा करता येईल. त्यानंतर जागेवर स्वतः पाहिलेल्या जागा ओपनस्ट्रीटमॅपवर भरा. विकत घेतलेल्या यादीतून किंवा गूगलवरून उचललेलं काहीही तिथे टाकू नका, परवान्यात ते बसत नाही. प्रवेश कोणाला आहे ती खूण मात्र आठवणीने भरा, कारण पुढच्या संशोधकाला तोच रकाना बहुतेक वेळा रिकामा मिळतो.